अ‍ॅडम्स काउंटी, आयोवा: अमेरिकी जनगणनेच्या ‘क्विकफॅक्ट्स’ सेवेचे परीक्षण

हिंगोलीच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव पडला की आडत्यांच्या बोलण्यात शिकागोच्या वायदेबाजाराचा उल्लेख हमखास येतो. ज्या आयोवा राज्याचे सोयाबीन आणि मका त्या बाजारात मोजले जाते, तिथल्या गावांविषयी मात्र आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. पदवीच्या वर्गाला लोकसंख्या भूगोल शिकवताना ही उणीव भरून काढण्यासाठी मी अमेरिकी जनगणना विभागाची ‘क्विकफॅक्ट्स’ ही मोफत ऑनलाइन सेवा वापरतो. तिची पारख करण्यासाठी मी मुद्दाम आयोवाच्या ९९ काउंट्यांपैकी (काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग) सर्वांत कमी लोकसंख्येची अ‍ॅडम्स काउंटी निवडली, कारण आकडेवारीच्या कोणत्याही सेवेचा कस मोठ्या शहरावर नव्हे, तर अशा कोपऱ्यातल्या भूभागावर लागतो.

सेवेचे बलस्थान पहिल्या काही ओळींतच दिसते. काउंटीचे नाव टाकले की एका उभ्या तक्त्यात लोकसंख्या, वयोगट, घरे, शिक्षण, उत्पन्न, कामावर जाण्यास लागणारा वेळ, जमिनीचे क्षेत्र आणि घनता अशी माहिती येते, आणि दुसरी काउंटी शेजारच्या स्तंभात ठेवून तुलनाही करता येते. २०२० च्या जनगणनेत अ‍ॅडम्समध्ये ३,७०४ माणसे होती. जमीन सुमारे ४२३ चौरस मैल, म्हणजे जवळपास १,१०० चौरस किलोमीटर. सेवा फक्त मैलांत बोलते, त्यामुळे हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा लागतो, आणि तो केल्यावर चौरस किलोमीटरला साडेतीन माणसेही भरत नाहीत हे कळते. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या हिंगोली जिल्ह्यात ११ लाख ७७ हजार लोक होते आणि घनता अडीचशेच्या घरात होती. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहिले की काउंटीला ‘जिल्हा’ म्हणावे की ‘तालुका’, हा वाद वर्गात आपोआप मागे पडतो.

तक्ता वाचताना सावध राहावे लागते, आणि माझ्या मते या सेवेच्या परीक्षणातील हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. एकाच पानावर तीन वेगवेगळ्या जातींचे आकडे नांदतात. काही दर दहा वर्षांच्या प्रत्यक्ष गणतीचे असतात, काही जन्म, मृत्यू आणि स्थलांतराच्या नोंदींवरून दरवर्षी काढलेले अंदाज असतात, तर उत्पन्न व शिक्षणासारखे आकडे ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ या नमुना पाहणीतून येतात. ही पाहणी २००५ पासून पूर्ण प्रमाणावर चालते आणि देशभरातील सुमारे ३५ लाख पत्ते दरवर्षी निवडते. त्यातून अ‍ॅडम्ससारख्या काउंटीच्या वाट्याला एका वर्षात इतकी थोडी घरे येतात की पाच वर्षांचे नमुने एकत्र केल्याशिवाय आकडा देताच येत नाही. म्हणून तिथले सरासरी उत्पन्न ‘यंदाचे’ नसून पाच वर्षांचे एकत्रित असते आणि त्याला त्रुटीची मर्यादा, म्हणजे खरा आकडा किती वर-खाली असू शकतो याचा अंदाज, जोडलेली असते. एवढेच काय, २०२० मध्ये व्यक्तींची ओळख उघड होऊ नये म्हणून राज्याखालच्या पातळीवरील गणतीतही हेतुपुरस्सर किंचित फेरफार मिसळण्यात आला होता. तेव्हा ३,७०४ हा आकडासुद्धा शेवटच्या अंकापर्यंत घट्ट धरू नये. आकड्याच्या जागी कुठे कुठे नुसते ‘डी’ हे अक्षर दिसते. त्याचा अर्थ असा की तिथे व्यवसाय इतके मोजके आहेत की आकडा छापला तर एखाद्या दुकानदाराची उलाढालच उघडी पडेल. विरळ वस्तीचे याहून बोलके चिन्ह मला त्या पानावर आढळले नाही.

गावपातळीवर मात्र ही सेवा हात आखडता घेते. पाच हजारांहून कमी वस्तीच्या शहरांना ‘क्विकफॅक्ट्स’मध्ये जागाच नाही, त्यामुळे काउंटीचे मुख्यालय असलेले कॉर्निंग, जिथे दीड हजारांच्या आसपास लोक राहतात, इथे सापडत नाही, त्यासाठी विभागाच्या मोठ्या माहितीसाठ्यात उतरावे लागते आणि तिथली मांडणी नवख्याला जड जाते. या बाबतीत आपल्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका सरस आहे. प्रत्येक गावाचे क्षेत्र, शाळा, पिण्याचे पाणी, दवाखाना आणि जवळच्या शहराचे अंतर तिच्यात गाववार मिळते. अडचण एवढीच की ती पुस्तिका अजून २०११ चीच आहे.

इतिहासाच्या नावाने या पानावर शून्य आहे, आणि इतिहासाशिवाय ही लोकसंख्या समजत नाही. १९०० साली याच काउंटीत सुमारे १३,६०० लोक राहत होते, म्हणजे एकशे वीस वर्षांत जवळपास पाऊण भाग वस्ती उठून गेली. जुने आकडे विभागाने १९०० ते १९९० च्या काउंटीवार संचात वेगळे दिले आहेत, ते जोडले की घसरण दशकागणिक दिसते. २००० मध्ये ४,४८२, २०१० मध्ये ४,०२९. तिचे कारण जमिनीत आहे. १७८५ च्या कायद्याने तिथली जमीन मैलभर लांबीरुंदीच्या, ६४० एकरांच्या चौकोनांत मोजली गेली, आणि त्याचा पाव भाग, १६० एकर, हा एका कुटुंबाच्या शेताचा मापदंड ठरला. ट्रॅक्टर आणि कापणी यंत्रे आल्यावर १६० एकरांत भागेना, शेजाऱ्याने शेजाऱ्याचे शेत घेतले, आणि आज आयोवातील शेताची सरासरी साडेतीनशे एकरांच्या आसपास आहे. आपल्याकडे वाटण्यांनी सातबारा लांबत जातो आणि तुकडा लहान होतो. तिथे तुकडे जुळत गेले आणि घरे ओस पडली.

याच काउंटीत एतिएन काबे या फ्रेंच विचारवंताच्या अनुयायांनी १८५० च्या दशकात ‘इकेरिया’ नावाची सामुदायिक वसाहत उभी केली आणि ती १८९८ पर्यंत टिकली. खासगी मालकी नाकारणारी माणसे या चौकोनी शेतांच्या मुलखात राहिली, हे कोणत्याही तक्त्यातून कळणार नाही. आधीचे मुख्यालय क्विन्सी होते, पण रेल्वे कॉर्निंगवरून गेली आणि मुख्यालयही तिकडे सरकले. आपल्या भागात मनमाड मार्गाने ज्या गावांचे नशीब पालटले, त्यांची आठवण यावी असा हा प्रकार.

काळाच्या तुलनेसाठी अ‍ॅडम्सची एक मोठी सोय आहे. विसाव्या शतकात तिच्या सीमा बदललेल्या नाहीत. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, त्याआधी १९५१ पर्यंत आपली गणना हैदराबाद संस्थानाच्या आणि राज्याच्या खात्यात होत होती, त्यामुळे आपल्या जिल्ह्याची शंभर वर्षांची रेषा काढायची तर तालुक्यांची बेरीज हातानेच करावी लागते.

पदवी व पदव्युत्तर वर्गांच्या शिक्षकांना ही सेवा मी निःसंकोच सुचवीन. शालेय वर्गांसाठी इंग्रजी शीर्षके आणि टिपांचा भार जास्त होतो. मोबाइलवर स्तंभ एकमेकांत अडकल्यासारखे दिसतात, म्हणून तक्ता आधी उतरवून घ्यावा आणि प्रत्येक ओळीसमोर ती गणतीची आहे, अंदाजाची आहे की पाहणीची, हे वर्षासह विद्यार्थ्यांकडून पेन्सिलीने लिहून घ्यावे.