तबकडीतला नको असलेला आवाज: हाताने काढावा की फिल्टरने?

सांगली-मिरजेकडच्या घरांत नाट्यपदांच्या आणि ख्यालांच्या तबकड्या अजूनही माळ्यावर निघतात. त्या संगणकावर उतरवून घेताना त्रास देणारे आवाज दोन प्रकारचे असतात. धूळ आणि ओरखडे यांमुळे क्षणिक टिकटिक होते, तर लाखेच्या जुन्या तबकड्यांत मिसळलेल्या दगडी पुडीमुळे सतत सळसळ ऐकू येते. या दोहोंवर एकच उपाय चालत नाही.

सॉफ्टवेअरची निवड करण्याआधी तबकडी धुऊन घ्यावी. कृष्णेच्या पुरात भिजलेली तबकडी गाळासकट वाजवली, तर सुई तो गाळ खाचेत घासत नेते आणि तशी झालेली इजा कोणताही फिल्टर भरून काढू शकत नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळत असल्यामुळे लाखेच्या, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्यांच्या, तबकडीला स्पिरिट अजिबात लावू नये. लेबल कोरडे ठेवून डिस्टिल्ड वॉटरने ती हलकेच पुसावी.

टिकटिक हाताने काढायची असेल, तर ऑडॅसिटी या मोफत मिळणाऱ्या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमधील ‘रिपेअर’ एका वेळी जास्तीत जास्त 128 सॅम्पल्स (ध्वनीची क्षणोक्षणीची मोजमापे), म्हणजे 44.1 किलोहर्ट्झला (सेकंदाला 44,100 सॅम्पल्स) सुमारे 3 मिलिसेकंद, आजूबाजूच्या लहरीवरून नव्याने भरते. एलपीवरचा (मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या व्हिनाइल तबकडीवरचा) आडवा ओरखडा दर 1.8 सेकंदांनी पुन्हा वाजतो, त्यामुळे पहिली टिकटिक सापडली की पुढच्या कुठे असतील हे आधीच कळते. मोजकेच ओरखडे असलेल्या एलपीसाठी मला हीच पद्धत सर्वांत योग्य वाटते. लाखेच्या तबकडीवर मात्र टिकटिक इतकी दाट असते की माणूस थकून जातो. तिथे ऑडॅसिटीतीलच ‘क्लिक रिमूव्हल’ हा टिकटिक आपोआप शोधून काढणारा फिल्टर वापरणे भाग पडते. त्यातील ‘थ्रेशोल्ड’ (टिकटिक ओळखण्याची पातळी) जितका खाली आणावा, तितका फिल्टर अधिक संवेदनशील होतो आणि तबल्याच्या चाटीवरच्या कडक ‘ना’लाही दोष समजून त्याची धार बोथट करतो. आयझोटोप आरएक्स हे विकतचे सॉफ्टवेअर येथे सरस ठरते, कारण त्यात काढून टाकलेली टिकटिक तेवढी वेगळी ऐकता येते आणि तीत तबला वाजू लागला, तर आपण मर्यादा ओलांडली हे लगेच समजते. घरच्या थोड्याशा तबकड्यांसाठी एवढा खर्च करावा असे मला वाटत नाही. एखाद्या संस्थेचा मोठा संग्रह असेल, तर तो खर्च सार्थकी लागेल.

सळसळीच्या बाबतीत हात अधिक आखडता घ्यावा. ऑडॅसिटीतील ‘नॉइज रिडक्शन’ या सळसळ कमी करणाऱ्या फिल्टरला गोंगाटाचा नमुना म्हणून गाणे सुरू होण्याआधीचीच रिकामी खाच द्यावी, कारण तानपुरा सुरू झाल्यानंतरचा तुकडा दिला, तर अखंड चालणारा तो झंकारही गोंगाटात जमा होतो. ‘रेसिड्यू’ निवडून काय वगळले जात आहे ते ऐकावे; त्यात जवारीचा (तानपुऱ्याच्या तारांच्या गुंजनाचा) अंश जरी आला, तरी मात्रा कमी करावी. मिरजेच्या तंतुवाद्यांवर कान तयार झालेल्या श्रोत्याला थोडी सळसळ चालेल, पण मुका झालेला तानपुरा चालणार नाही.

78 फेऱ्यांच्या मोनो तबकडीचे ध्वनिमुद्रण स्टिरिओ कार्ट्रिजने (सुई बसवलेल्या भागाने) घेऊन डावे आणि उजवे चॅनेल एकत्र केले, की सुईच्या वर-खाली हालचालीतून येणारा बराच गोंगाट आपोआप कटतो, आणि याला पैसेही लागत नाहीत. त्यानंतर आधी टिकटिक काढावी, मग सळसळ. आणि हे सारे 24 बिटच्या मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवर करावे.