ज्येष्ठता कधीपासून: भरतीच्या वर्षापासून की नेमणुकीपासून?

आयकर निरीक्षकांच्या परमार खटल्यात (2012) सरळसेवेच्या (बढतीने नव्हे, थेट भरती झालेल्या) उमेदवाराला भरती सुरू झाली त्या वर्षाची ज्येष्ठता, म्हणजे सेवेतल्या क्रमवारीतली जागा, मिळाली. भरतीतल्या दिरंगाईचा फटका त्याला का, हा मुद्दा रास्तच. पण त्या काळात खुर्ची सांभाळून फायली निपटणारा पदोन्नत अधिकारी यादीत मागाहून रुजू झालेल्याच्या खाली जायचा. 2019 मध्ये मणिपूर पोलिसांच्या मेघचंद्र सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे फिरवलं: सेवेतच नसलेल्याला ज्येष्ठता नाही, आधीच ठरलेल्या ज्येष्ठता याद्यांना मात्र धक्का नाही. मला हेच पटतं.

महाराष्ट्रातल्या अभियंत्यांच्या 1990 च्या निकालातही नियमानुसार झालेल्या नेमणुकीचीच तारीख धरली आहे. नियम डावलून केलेली कामचलाऊ बढती मोजत नाहीत, हेही त्यात आहे. त्यामुळे पदोन्नतांनी आपला बढतीचा आदेश नियमानुसार, म्हणजे पदोन्नती समितीच्या शिफारशीवरून, निघालाय का, ते आधी तपासावं.