जस्त-प्लेटिंगच्या सांडपाण्यावर झिओलाइट कॉलम: सहा महिन्यांच्या वापरानंतर

सेटअप: ३० सेंमी व्यासाचा एफआरपी (फायबरग्लास) कॉलम, त्यात ०.५ ते १ मिमी दाण्याचं ५० किलो क्लिनोप्टिलोलाइट, म्हणजे पाण्यातले धातूंचे आयन धरून बदल्यात स्वतःचे सोडणारं नैसर्गिक झिओलाइट खनिज. बेडची (या मालाच्या थराची) उंची साधारण ८५ सेंमी. वर निम्मी जागा रिकामी सोडा, नाहीतर बॅकवॉशमध्ये (खालून वर पाणी सोडून धुताना) माल वाहून जातो. प्रवाह ताशी ४८० लिटर.

पहिलं सांगायचं तर हा कॉलम न्यूट्रलायझेशन टाकीची (पीएच वाढवून धातू खाली बसवायच्या टाकीची) जागा घेत नाही. जस्त आधी पीएच ९ ते ९.५ ला खाली बसवायचं, उरलेले ४-५ मिग्रॅ प्रति लिटर कॉलमवर. एक ग्रॅम माल १० मिग्रॅ जस्त धरतो असं मानलं, तर ५० किलोत ५०० ग्रॅम. रोज ५,००० लिटर पाणी ५ मिग्रॅने आलं, की २० दिवसांत बेड भरतो.

कागदावर. कारण पीएच वाढवायला चुना वापरला, तर पाण्यात कॅल्शियम सहज २०० मिग्रॅपर्यंत जातं. आयनांच्या हिशेबात ते जस्ताच्या ६५ पट. झिओलाइट जस्त धरतं खरं, पण एवढ्या गर्दीत जस्ताला जागा मिळत नाही आणि २० दिवसांचा बेड फार लवकर हात टेकतो. उपाय म्हणजे चुन्याऐवजी कॉस्टिक सोडा. महाग पडतो, स्लजही (गाळ) बसायला वेळ घेतो, तरी या कॉलमसाठी चुना नकोच. प्लेटिंगच्या बाथमध्ये अमोनियम क्लोराइड असेल तर मात्र हा माल घेऊच नका: अमोनियम जस्ताच्या आधी जागा अडवतं.

क्रम महत्त्वाचा: आधी वाळूचा फिल्टर, मग आम्ल घालून पीएच ६.५-७, मग कॉलम. फिल्टरआधी आम्ल घातलं तर तरंगणारा हायड्रॉक्साइडचा गाळ विरघळून सगळा भार बेडवर येतो. पीएच ९ लाच पाणी सोडलं तर रिपोर्ट सुंदर येतात, पण जस्त दाण्यांवर साचून बेडचे गठ्ठे होतात. आणि आम्लाचा पंप चालूच अडकून पीएच ४ खाली गेला, तर धरलेलं जस्त सुटतं. आउटलेट इनलेटपेक्षा वाईट!

नवा माल पाणी नितळ येईपर्यंत बॅकवॉश करा, मग रात्रभर १० टक्के मिठाच्या पाण्यात. रीजनरेशनही (भरलेला बेड पुन्हा मोकळा करणं) त्यानेच: १८० लिटर, म्हणजे १८ किलो मीठ, सावकाश. ते पाणी गटारात नाही, परत न्यूट्रलायझेशन टाकीत.

क्रोमेट पॅसिव्हेशनचं (प्लेटिंगनंतर गंज रोखायला देतात त्या क्रोमच्या थराचं) पाणी इकडे वळवू नका. हेक्झाव्हॅलंट क्रोम ऋण आयन असतो, आणि हा माल धन आयनच धरतो, म्हणून तो सरळ आरपार जातो. बाहेर सोडायच्या पाण्यात त्याची मर्यादा फक्त ०.१ मिग्रॅ प्रति लिटर. ते पाणी आधी पीएच २.५ ला सोडियम मेटाबायसल्फाइटने मोडा. निकेलवरही पकड कच्चीच.

संपलेला माल घातक कचऱ्यात जातो, त्या खर्चासकट भाव काढा.