नवा प्रोपेलर शाफ्ट: सीलबंद क्रॉस की निपलवाला?

प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा गाडीखालचा फिरता दांडा, बदलायचं ठरलंच असेल तर खरा प्रश्न त्यात क्रॉस, म्हणजे टोकाच्या सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, कुठला घ्यायचा हा आहे: आतलं ग्रीस कायमचं बंद केलेला सीलबंद, की ग्रीस भरायला निपल, म्हणजे बारीक तोटी, असलेला. माझ्या जिप्सीला तीन शाफ्ट, गिअरबॉक्स ते ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीचा) छोटा, मग पुढचा आणि मागचा, आणि मागच्याला मी दोन्ही प्रकार वापरून बघितलेत म्हणून लिहितोय.

सीलबंद वाईट नाहीच. एकदा बसवला की बघायला नको, शिवाय ग्रीससाठी आतून भोक पाडलेलं नसतं म्हणून अंगानं भरीव, मजबूत. पणजी-मडगाव डांबरावरच फिरणाऱ्याला तोच बरा, असं मला तरी वाटतं. मोठे टायर लावून जोर काढणाऱ्यांनाही.

पण आमचं जाणं-येणं सत्तरीत, आणि पाऊस लागला की गणेश चवथीपर्यंत कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, जायला ओहोळातून गाडी घालावीच लागते. क्रॉस सुकायला लागला की कपाच्या (क्रॉसच्या चारी टोकांवर बसणाऱ्या टोपीच्या) कडेला गंजाची तांबडी पूड दिसते, ही त्याची ओळख. आता आपल्याकडे गाडीखाली वाकून बघा, सगळंच तांबडं! चिऱ्याची माती कुठली आणि गंज कुठला, कसं ओळखणार? मला कळलं ते थेट रिव्हर्स टाकताना खालून टक्क आवाज आला तेव्हा, भर पावसात. कप काढला तर आतल्या बेअरिंगच्या सुया तपकिरी भुकटीत रुतलेल्या, क्रॉसवर त्यांच्या रेघा उमटलेल्या, नखाला लागत होत्या, आणि बाहेरून सील धड. त्या दिवसापासून माझं मन सीलबंदावरून उडालं.

निपलवाल्याला काम पडतं, मान्य. पण ओहोळातून आल्यावर ग्रीसगन लावली की चारी कपांतून आधी पाणी लागलेलं पांढुरकं ग्रीस येतं, मग स्वच्छ. आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं, मला तेवढं पुरे. तुमची गाडी पाण्यात जातच नसेल तर कदाचित तुमचं मत वेगळं होईल.

बसवताना मात्र दोन्हींना नियम तेच. चाकांना दगड लावा, कारण शाफ्ट सुटला की गिअर गाडीला धरत नाही. फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट बोल्टनी जोडतात त्या तबकडीवर, आधी खूण करा. स्लिप जॉइंट, म्हणजे शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा दात्यांचा सांधा, जोडताना दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत हवेत, एक दाता जरी चुकला तरी गाडी थरथरते आणि माणूस उगाच टायर बॅलन्स करत बसतो. कप दाबताना एखादी सुई आडवी पडली तर कप अडवणारी सर्क्लिपची कडी खाचेत बसतच नाही, अशा वेळी हातोडी मारू नका, कप परत काढा. आणि दोन्ही क्रॉसचे निपल एकाच बाजूला ठेवा, म्हणजे गाडी एकदा ढकलून जागेवर आणली की दोन्हींना गन पोचते, पावसात चिखलात परत परत खाली शिरावं लागत नाही.