मालागा की कादिथ?

मार्च उजाडला की जर्मनीतल्या आमच्या मराठी मंडळींत हा प्रश्न हमखास निघतो. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाला जायचं हे ठरलेलं असतं, विमानाची तिकिटंही बघून झालेली असतात. अडतं ते मुक्काम कुठे टाकायचा यावर. आम्ही दोन्हीकडे आठ-आठ दिवस राहून आलोय, आधी ऑक्टोबरात मालागाला आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये कादिथला. दोन्ही खेपांना बरोबर बायको, मुलगी आणि दापोलीहून आलेली आई. ऋतू वेगळे, शिवाय एकाच घरच्या दोन सुट्ट्या, तेव्हा माझं म्हणणं थोडं हातचं राखूनच घ्या.

बघण्यासारख्या गोष्टींची यादी केली तर कादिथ मालागापुढे टिकत नाही. विमानतळावरून लोकल पकडली की बारा मिनिटांत गावात. पिकासो इथला, १८८१चा जन्म, त्याचं संग्रहालय जुन्या गावाच्या मधोमध. रविवारी शेवटचे दोन तास फुकट असतं, आम्ही तेव्हाच गेलो आणि गर्दीत बरीचशी डोकी पाहिली. अल्काथाबा किल्ल्याच्या पायथ्याशी रोमन नाट्यगृह आहे. कॅथेड्रलचा दुसरा मनोरा कधी पुराच झाला नाही, म्हणून लोक तिला ‘ला मानकीता’ म्हणजे एकहाती बाई म्हणतात. आईला हे नाव फार आवडलं.

बायको शाकाहारी, तिचं मत आजही मालागाला आहे. वांग्याचे तळलेले काप आणि त्यावर उसाची काकवी, हा तिथला नेहमीचा पदार्थ. ती काकवी जवळच्या फ्रिहिलियाना गावात अजूनही बनते. आम्ही दोन बाटल्या आणल्या आणि घरी घावनांबरोबर संपवल्या. मासे खाणाऱ्यांसाठी एस्पेतो: होडीत वाळू भरून त्यात विस्तव करतात आणि सळईला ओवलेल्या तारल्या त्या धगीवर उभ्या भाजतात. तारली खावी ती नावात ‘र’ नसलेल्या महिन्यांत, मे ते ऑगस्ट, असं तिथले लोक सांगतात. आम्ही ऑक्टोबरात खाल्ली, तरी मला काही कमी वाटलं नाही.

मग बिनसलं कुठे? तिकिटांवरच्या वेळेत.

मालागाच्या आसपास जे जे नावाजलेलं आहे, ते गावाबाहेर आहे आणि त्याची वेळ आधीच ठरवावी लागते. ग्रानादा शहरातल्या आल्हाम्ब्रा या जुन्या मुस्लिम सुलतानांच्या किल्ल्यात, नासरी महालांच्या तिकिटावर आत शिरायची वेळ छापलेली असते, सोबत नाव आणि पासपोर्ट नंबर. आमची वेळ होती अडीचची. सकाळची बस धरली, चढावर आईचे गुडघे बोलू लागले, दाराशी तिचा पासपोर्ट पिशवीच्या तळाशी, ठेपल्यांच्या डब्याखाली सापडला. आत गेलो तेव्हा धापा टाकत होतो. आई सिंहांच्या चौकात एका खांबाजवळ उभी राहून वरची नक्षी बघत होती, आणि मी परतीच्या बसची वेळ बघत होतो. एवढ्या लांब येऊन मी काय पाहिलं, तर घड्याळ.

कामिनीतो देल रेय म्हणजे कड्याला लावलेली पायवाट. १९२१ मध्ये राजा आल्फोन्सो तेरावा तिच्यावरून गेला म्हणून ‘राजाची वाट’. मोडकळीला आलेली ती वाट डागडुजी होऊन २०१५ मध्ये पुन्हा उघडली. आहे अफाट, त्यात वाद नाही. पण तिथेही वेळ ठरलेली, डोक्यावर हेल्मेट, आठ वर्षांखालच्या मुलांना बंदी आणि गुडघेदुखीवाल्यांनी आपणच समजून घ्यायचं. म्हणून मी आणि मुलगी तिकडे, आई आणि बायको गावात. नेरहाच्या गुहेसाठी आणखी एक दिवस बसमध्ये गेला. सहाव्या दिवशी रात्री मुलीने विचारलं, “बाबा, पोहायचा पोशाख आणलाय ना आपण?” समुद्र आम्ही रोज बघत होतो, बसच्या काचेतून.

तुम्ही म्हणाल, नका ना जाऊ तिथे. बरोबर आहे. पण मालागात उतरून आल्हाम्ब्रा न बघता परत यायची आमची छाती नव्हती. ऑफिसात, नातेवाइकांत, सगळीकडे पहिला प्रश्न तोच येणार. तुमच्यात ती धमक असेल तर मालागाबद्दलची माझी निम्मी तक्रार इथेच मिटते.

कादिथची गोष्टच निराळी. तिथे फारसं काही ‘करायचं’ नसतं. गावाचं नाव तिथले लोक शेवट गिळून ‘काई’ असं घेतात, यावरूनच तिथल्या घाईची कल्पना यावी. फिनिशियन लोकांनी वसवलेलं बंदर, जुन्या गावाच्या तिन्ही अंगांना पाणी. सेव्हिलहून रेल्वेने पावणेदोनेक तास लागतात आणि स्टेशन थेट जुन्या गावाच्या तोंडाशी. बघायचं म्हणून तोर्रे ताविरा हा टेहळणीचा मनोरा बघावा. वरच्या अंधाऱ्या खोलीत भिंगातून अख्ख्या गावाचं हलतं चित्र पांढऱ्या तबकावर पडतं. गच्चीवरचे वाळत घातलेले कपडेसुद्धा हलताना दिसतात. हो, तिथेही वेळ घ्यावी लागते. आमची चुकली, तर पुढची घेतली आणि दरम्यान घरी जाऊन चहा पिऊन आलो.

आता मी थोडा पक्षपाती होणार आहे, कारण मी हर्णैच्या किनाऱ्यावर वाढलो. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. मालागाला सकाळी पाणी जिथे, संध्याकाळीही तिथेच. मला ते तळ्यासारखं वाटायचं. कादिथ अटलांटिकवर. उधाणाला तीनेक मीटरचा फरक पडतो. ला कालेता या छोट्या पुळणीवर ओहोटीला होड्या कलंडून पडतात, खडक उघडे होतात आणि पोरं बादल्या घेऊन खेकडे शोधत फिरतात. आईने पदर खोचला आणि दोन तास त्या खडकांतच होती. गुडघ्यांची तक्रार ऐकू आली नाही. शेजारी कादिथच्या आज्या घडीच्या खुर्च्या मांडून चक्क हाऊजी खेळत होत्या. शिवाय ला कालेता पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य समुद्रात बुडतो. मालागाचा किनारा दक्षिणेला, तिथे तो डोंगरामागे जातो. मला मावळतीचा सूर्य पाण्यातच जाताना बघायची सवय, त्याला काय करणार.

खाण्यातही मी घरीच होतो. तोर्तिय्यितास दे कामारोनेस म्हणजे बेसन आणि गव्हाच्या पिठात जवळ्याएवढी बारीक कोळंबी, कांदा घालून केलेली कुरकुरीत, जाळीदार भजी. काथोन एन आदोबो म्हणजे व्हिनेगर, लसूण, जिऱ्यात मुरवून तळलेली मुशी. आईने एक तुकडा तोंडात टाकला आणि “कोकम हवं होतं” एवढंच म्हणाली. बायकोचे मात्र हाल. पालक आणि छोले सापडले, पण चौथ्या दिवशी तिने त्यांच्याकडे बघणंही सोडलं. आणि दुपारी चारला स्वयंपाकघरं बंद होतात ती रात्री आठनंतर उघडतात. साडेसातला जेवणाऱ्या माणसांनी खोली स्वयंपाकघरासकट घ्यावी. आम्ही मुगाच्या खिचडीवर तीन रात्री काढल्या. मालागात दिवसभर कुठे ना कुठे काहीतरी मिळतं, हे मान्य.

कादिथचा खरा त्रास म्हणजे लेवान्ते. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून दाबून येणारा पूर्वेचा वारा. आम्हाला तो सलग तीन दिवस लागला. ला व्हिक्तोरियाच्या लांबलचक किनाऱ्यावर वाळू पोटऱ्यांना सुयांसारखी टोचत होती, छत्री उघडायचा प्रश्नच नव्हता आणि आईचं डोकं धरलं होतं. मालागाला असं काही भोगावं लागलं नाही. पण जुनं गाव आडोसा धरतं म्हणून ला कालेतावर त्याच दिवशी बसता येत होतं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी घरमालकिणीने सांगितलं. वाऱ्याचा राग आला, पण वाऱ्याने आमची वेळ आधीपासून छापून ठेवली नव्हती.

तर पहिल्यांदाच स्पेनला जाताय, मुलं मोठी आहेत, घरात शाकाहारी जास्त आहेत, तर मालागा घ्या. फक्त आठ दिवसांत वेळेची तिकिटं दोनच काढा, तिसरं नको. आल्हाम्ब्रा आधी पाहून झाला असेल, किंवा आईवडील बरोबर असतील, तर माझा कल कादिथकडे. पुढच्या जूनची खोली आम्ही तिथेच घेतली आहे, ला कालेतापासून चालत चार मिनिटांवर. बायकोने काकवीची बाटली नेण्याच्या अटीवर होकार दिला आहे.