दोन रॉडचा क्वार्ट्झ हीटर: एका खुर्चीपुरती ऊब

नाशिक-निफाडकडे पारा एक आकडी झाला की घरून काम करणाऱ्याचे आधी पाय गारठतात, मग बोटं. अख्खी खोली तापवायची गरज नसते, टेबलाजवळचा माणूस ऊबेत राहिला की भागतं. त्या कामाला ४००/८०० वॉटचा (एक रॉड लावला तर ४००, दोन्ही लावले तर ८००) साधा क्वार्ट्झ हीटर सगळ्यात परवडतो.

रॉड लाल झाला की समोरच्या अंगाला थेट झळ लागते, हवा तापायची वाट बघावी लागत नाही. एका रॉडला आठ तासांत ३.२ युनिट लागतात. युनिट १० रुपये धरलं तर ३२ रुपये. २००० वॉटचा ब्लोअर, म्हणजे पंख्याने गरम हवा फेकणारा हीटर, अखंड चालला तर तेवढ्याच वेळात १६ युनिट. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटला दराचा टप्पा बदलतो, त्यामुळे आधीच काठावर असलेल्या घरात हीटरची युनिटं वरच्या दराने लागतात.

खोट एकच, पण मोठी: तोंड-गुडघे भाजतात आणि पाठ गारच. हीटर टेबलाखाली कोंबू नका. पायांपासून तीनेक फुटांवर, तिरका ठेवा, पडदा आणि शालीचा पदर लांब. पाठीला हीटिंग पॅड नाहीतर खुर्चीवर घोंगडी. पायाखाली जाड सतरंजी हवीच, टाइल्सची फरशी दिवसभर पाय गार करते. हीटर मात्र सतरंजीवर नको. बऱ्याच मॉडेलना बुडाशी एक बटण असतं, हीटर कलंडला की ते सुटून वीज तुटते. मऊ जागेवर ते नीट दाबलं जात नाही आणि हीटर लागतच नाही. लोक बिघाड समजून दुकान गाठतात.

विकत घेतानाच चालू हीटर जरा कलता करून बघा, रॉड विझले पाहिजेत. आयएसआय खूण पाहा. रॉडची नळी ठिसूळ असते, गाडीवरून आणताना धक्का लागला की तडकते. दोन्ही लावूनही एकच रॉड पेटत असेल तर बहुधा दुसऱ्या रॉडमधली तार तुटलेली असते, नाहीतर स्विच बिघडलेला किंवा तारेचा सांधा सैल असतो. ८०० वॉटला साडेतीन अँपिअर लागतात, ६ अँपिअरचा सॉकेट पुरतो. २००० वॉटला पावणेनऊ, म्हणजे १६ चाच पॉइंट हवा. स्वस्त एक्स्टेन्शनवर ब्लोअर लावला की आधी पिन काळी पडते, मग प्लग वितळतो.

खोलीत दोघं-तिघं बसणार असतील तर ऑइल रेडिएटर, म्हणजे आत तेल भरलेला हीटर, बरा. तापायला अर्धा तास घेतो, पण थर्मोस्टॅट, म्हणजे हवी तेवढी ऊब झाली की वीज तोडणारी कळ, नीट लावला तर बराच वेळ बंद राहतो. 'हा ऑक्सिजन खात नाही' हे दुकानदाराचं पालुपद सोडून द्या, विजेचा कुठलाच हीटर खात नाही. हवा कोरडी वाटते ती तापल्यामुळे, तीही सगळ्यांतच. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कधीच नको, कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो.

कुठलाही हीटर घ्या, त्याआधी स्लायडिंग खिडकीच्या रुळातली झिजलेली केसाळ पट्टी बदला आणि दाराच्या तळाला रबरी पट्टी लावा. दुपारी दक्षिणेकडचा पडदा उघडा ठेवा, ऊन उतरलं की लगेच ओढा. एवढं केलं की बहुतेक दिवशी दुसरा रॉड लावावा लागत नाही.