जोडाचा एक्सल ‘नवा हेवी ड्यूटी’ म्हणून गळ्यात मारला

कोकणातल्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, बागेतून आंबा खाली आणणाऱ्या फोर बाय फोर पिकअपचा मागचा डावा एक्सल शाफ्ट (इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा पोलादी दांडा) एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तुटला. शाफ्टची जोडी बसवून जेमतेम पाच आठवडे झाले होते. गाडीत ४२ पेट्या होत्या. पाच डझनी पेटी लाकडासकट १८ ते २० किलो भरते, म्हणजे माल साडेआठशे किलोच्या आत, पासिंगमध्ये मंजूर वजनापेक्षा कमी. गाडी लो रेंजच्या (कमी वेग, जास्त जोर) पहिल्या गियरमध्ये, माणसाच्या चालीने कातळ चढत होती. चांगला शाफ्ट अशा वेळी तुटत नाही. म्हणून तो बाहेर काढून धुऊन पाहिला, आणि जे दिसलं ते सगळं इथे देत आहोत. बागायतदार, चिऱ्याची वाहतूक करणारे, बंदरावरून मासळी उचलणारे सगळे हाच माल अशाच दुकानांतून घेतात.

शाफ्ट स्प्लाइनच्या, म्हणजे आतल्या टोकाच्या, दात्यांपासून चार बोटं अलीकडे तुटला होता. तुटलेल्या तोंडाचा जवळपास दोन तृतीयांश भाग काळा, उरलेला दाणेदार आणि चकचकीत. चकचकीत भाग त्या दिवशी तुटलेला. काळा भाग म्हणजे जुनी चीर. ऑइलमुळे काळा दिसतो असं वाटू शकतं, म्हणून आधी डिझेलने धुऊन कोरडा केला. काळेपणा तसाच राहिला. मग थिनरचा बोळा फिरवला तेव्हा काळं विरघळून बोळ्यावर आलं. तो रंग होता. शाफ्टला बाहेरून मारलेला काळा रंग चिरेत उतरला होता. म्हणजे रंग मारायच्या आधीच चीर होती, आणि तो शाफ्ट नवा म्हणून विकला गेला.

उरलेल्या लांबीवरचा रंग काढल्यावर त्याच जागी वेल्डिंगचा पट्टा दिसला, लेथवर घासून सपाट केलेला. दुसऱ्या बाजूच्या, न तुटलेल्या शाफ्टवरही तसाच पट्टा.

हा धंदा कसा चालतो ते समजून घ्या. एका जुन्या शाफ्टचे दाते चांगले असतात पण फ्लँजकडची (चाक जोडायच्या तबकडीकडची) बेअरिंगची जागा झिजलेली असते. दुसऱ्याची फ्लँज चांगली, दाते पिळवटलेले. दोन्ही कापून चांगले तुकडे जोडतात, वेल्डिंग करतात, लेथवर टर्निंग करतात, रंग मारतात आणि ‘हेवी ड्यूटी’ असं छापलेल्या खोक्यात भरतात. कच्चा माल आपणच पुरवतो: जुने शाफ्ट गॅरेजमध्ये सोडून येतो. या व्यवहारातही जुनी जोडी ‘भंगार आहे, राहू दे’ म्हणून तिथेच ठेवून घेतली गेली. जोडीचे १६,८०० आणि मजुरीचे २,२०० रुपये घेतले, हातात दिला तो ‘एस्टिमेट’ लिहिलेला कागद.

एक्सल शाफ्ट वेल्डिंग करून का चालत नाही, हेही सांगायला हवं, कारण ‘आमच्याकडे पक्कं वेल्डिंग होतं’ असं छातीठोक सांगणारे भेटतात. शाफ्टचं पोलाद मध्यम कार्बनचं किंवा ईएन १९, ईएन २४ सारखं मिश्रधातूचं असतं आणि त्याचा बाहेरचा थर उष्णता देऊन कडक केलेला असतो. वेल्डिंग झालं की टाक्याला लागून असलेली पट्टी झपकन थंड होऊन काचेसारखी ठिसूळ होते. त्याच्या थोडं पलीकडे आधीचा कडकपणा उतरून पोलाद मऊ पडतं. ठिसूळ आणि मऊ शेजारी शेजारी आले की दर पिळाला ताण त्याच रेघेवर येतो. सपाट डांबरी रस्त्यावर असा जोड कदाचित वर्षभर निघेल. कातळावर एक चाक हवेत फिरून खाली टेकतं आणि अचानक पकडतं, तेव्हा बसणारा झटका तो सोसत नाही.

‘हेवी ड्यूटी’ या शब्दाला तर अजिबात भुलू नका. दांड्याची पिळाला टिकण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते: ३० मिलिमीटरचा शाफ्ट ३३ चा केला तर ताकद सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. ऐकायला छान वाटतं. पण दाते डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गियरपेटीच्या) त्याच साइड गियरमध्ये बसायचे असतात, म्हणून दात्यांच्या बुडाचा व्यास आहे तेवढाच राहतो. नुसता मधला भाग जाड केला तर उलट नुकसान होतं. चांगल्या शाफ्टचा मधला भाग मुद्दाम जरासा बारीक ठेवतात, म्हणजे पीळ सगळ्या लांबीवर वाटला जातो. मधला भाग जाड आणि ताठ झाला की सगळा पीळ दात्यांच्या तोंडाशी गोळा होतो. साइड गियर न बदलता दिलेला ‘जाड एक्सल’ म्हणजे वजन वाढवलेला, ताकद न वाढलेला एक्सल.

दुकानात करायची तपासणी अशी. पहिली अट: रंग मारलेला शाफ्ट असेल तर रंग काढून दाखवायला सांगा. थिनरचा बोळा आणि वीतभर लांबी एवढं पुरतं, आणि नकार मिळाला तर तिथेच थांबा. मग खडूची परीक्षा करा. शाफ्ट कोरडा पुसून त्यावर रॉकेल किंवा पातळ ऑइल लावा, पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, स्वच्छ पुसा आणि खडूची पूड चोळा. चीर असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर येऊन पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. दात्यांच्या तोंडाशी, फ्लँजच्या वळणात आणि बेअरिंगच्या जागेजवळ ही परीक्षा हमखास करा. जास्त खात्री हवी असेल तर मिरजोळे, लोटे किंवा कुडाळ एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये तीन डब्यांची स्प्रे तपासणी, म्हणजे डाय पेनिट्रंट, होते का विचारा. तत्त्व तेच, रंग लाल.

कानशीनेही बरंच कळतं. कडक केलेल्या पृष्ठभागावरून कानस घसरते, मऊ पोलादाला लगेच ओरखडा काढते. मूळचा कंपनीचा तुटका शाफ्ट शेजारी ठेवून त्याच जागी दोन्हीवर सारख्या जोराने एक-एकदा फिरवा. फरक हाताला लागतो. शेवटी शाफ्ट सपाट काचेवर किंवा लेथच्या दोन सेंटरमध्ये फिरवून बघा. जोड दिलेला शाफ्ट बहुतेक वेळा थोडा डुलतो.

आणखी एक चोरी बेअरिंगपाशी होते. बऱ्याच लहान पिकअपचा मागचा एक्सल सेमी-फ्लोटिंग असतो: शाफ्ट चाक फिरवतोही आणि गाडीचं वजनही पेलतो. यातल्या ज्या शाफ्टवर बेअरिंग दाबून बसवलेल्या कॉलरने धरून ठेवलेलं असतं, तिथे कॉलर प्रत्येक वेळी नवी लागते. जुनी कॉलर काढताना छिन्नीने फोडतात, नाहीतर ग्राइंडरने कापतात. ती वाचवून परत ठोकली, सैल झाली म्हणून वर वेल्डिंगचा टाका मारला, की बेअरिंग शाफ्टवर सरकतं आणि एके दिवशी ड्रम, चाक, शाफ्ट सगळं हाउसिंगमधून (एक्सलच्या बाहेरच्या पोलादी नळकांड्यातून) बाहेर येतं. बसवताना समोर उभे राहा, नवी कॉलर पाहून घ्या, आणि टाका मारायला निघाले तर काम थांबवा. फुल-फ्लोटिंग एक्सलमध्ये, जो मोठ्या ट्रकना असतो, हब हाउसिंगवरच्या दोन बेअरिंगांवर फिरतो आणि शाफ्ट फक्त पीळ देतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहतं. हबच्या मध्यावर बोल्टांचं गोल झाकण दिसतं तो हा.

डिफरन्शियलमधून गुणगुण येत असेल तर ती दाबायला आत जाड ग्रीस किंवा लाकडाचा भुसा घालतात. ड्रेन नट उघडून ऑइल स्वच्छ भांड्यात काढा. भुसा, दुधाळपणा, चुंबकाला लागणारे तुकडे, यातलं काहीही दिसलं की डिफरन्शियल उघडून पाहिल्याशिवाय पुढचं काम करू देऊ नका. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी शिरलंय. पावसात गरम एक्सल वहाळाच्या गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायची वाट) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी खेचलं जातं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्या पाण्यात राहिलेली गाडी कुणी विकत असेल तर आधी हेच ऑइल बघा. भरताना कंपनीच्या पुस्तकात असेल तेच, साधारण ८० डब्ल्यू ९० जीएल ५, भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत.

आता गाडी कातळावर उभी असताना काय करायचं ते. शाफ्ट तुटल्यावर गियरमध्ये ठेवलेली गाडी मागच्या चाकांनी धरली जात नाही, कारण साधं डिफरन्शियल सगळा पीळ तुटलेल्या बाजूला सोडून देतं. गाडी उतारावर सरकू शकते. म्हणून आधी चारही चाकांना दगड, मगच कुणी खाली वाकायचं. माल उतरवा. जांभा भुसभुशीत असतो, जॅकचा तळ त्यात रुतून कलतो. दोन इंच जाडीची फूटभर फळी जॅकखाली हवीच. तुटकी बाजू उचलून चाक हाताने बाहेर ओढून पाहा. दात्यांकडे तुटलं असेल आणि बेअरिंग धरून असेल, तर चाक बाहेर येत नाही. मागचा प्रोपेलर शाफ्ट (मागच्या एक्सलला जोर देणारा लांब दांडा) सोडवा (दोन्ही फ्लँजवर खूण करून, नट डब्यात ठेवून), लो रेंज टाका, आणि पुढच्या चाकांवर रिकामी गाडी हळू खाली आणता येते. प्रोपेलर शाफ्टचं टोक ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीत) नुसतं सरकवलेलं असेल, बोल्टांची फ्लँज नसेल, तर तो काढू नका, तिथून ऑइल वाहून जातं. शाफ्ट बेअरिंगच्या बाहेर, चाकाकडे तुटला असेल तर गाडी हलवूच नका. ड्रम निघाला असेल तर ब्रेक पेडलवर पाय ठेवू नका, व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर उडतात.

तुटलेली दोन्ही तोंडं एकमेकांवर ठेवून जुळवून बघू नका, पुरावा घासला जातो. पुसण्याआधी उजेडात फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, मग प्रत्येक तोंड वेगळ्या कापडात गुंडाळा.

दुकानदाराचं पहिलं उत्तर ‘खाऱ्या हवेने गंजला’. हाउसिंगमध्ये ऑइलात असलेल्या शाफ्टला पाच आठवड्यांत आतून खारी हवा लागत नाही. दुसरं उत्तर ‘ओव्हरलोड’. त्यासाठी वजनकाट्याची पावती जपून ठेवा. माल कसा ठेवला हेही महत्त्वाचं: चाकांमधलं अंतर तीन मीटर धरलं, आणि मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे १०० किलो ठेवले, तर मागच्या एक्सलवर १३३ किलो पडतात आणि पुढची चाकं ३३ किलोने हलकी होतात. फवारणीच्या पाण्याचं पिंप आणि अवजारं कॅबिनला टेकवून, पेट्या एक्सलच्या पुढे. हलकी दोरी-ताडपत्री मागे.

फोटो, रंगाचा बोळा आणि लेथवाल्याने लिहून दिलेला शेरा समोर ठेवल्यावर जोडीचे १६,८०० रुपये परत मिळाले. मजुरी मिळाली नाही, दोन दिवस उन्हात राहिलेल्या पेट्यांचं काही मिळालं नाही. एस्टिमेटच्या कागदावर यापुढे जाणं अवघड होतं. जीएसटी क्रमांक असलेलं बिल घ्या. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, एकूण १५ अक्षरं-आकडे, आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर तपासता येतो. बिलावर ‘नवीन’ हा शब्द आणि पार्ट नंबर लिहून घ्या. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी लागत नाही. व्यापारी वापर म्हणून तक्रार उडवली जाऊ शकते. गाडी स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवत असाल तर तसं तक्रारीतच लिहा, कायद्यात ती सूट आहे.

जुने शाफ्ट गॅरेजमध्ये सोडू नका, घरी आणा. भंगारात घालायचेच असतील तर आधी ग्राइंडरने दाते आणि बेअरिंगची जागा घासून टाका, म्हणजे ते पुन्हा काळा रंग लावून कुणाच्या गाडीखाली जाणार नाहीत.